बशी दिसेपर्यंत

रविवार, दिवाळीच्या आधीचा. सकाळची वेळ. ठिकाण: कर्जतकडच्या कोंडाण्याच्या अलीकडे उल्हास नदीचा डोह. हजर: हनीफभाई, त्यांची बायको जैतूनभाभी, बाळाराम आणि मी. भाभी नदीवर पहिल्यांदाच आल्या होत्या.

तारीख आणि हजेरी लिहून सुरुवात करायची मला सवय आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. राहते खालापूरला. किराणा असो, लग्न असो की मासेमारी, आधी यादी, मग काम. गेल्या वर्षीच्या त्या रविवारची नोंद मात्र एवढीच करून मी थांबले होते. पुढचं लिहायचं तर आधी हनीफभाई कोण, ते सांगायला हवं.

हनीफभाईंचं कर्जतच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, गिरणीतल्या, कारखान्यातल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरायची, हे त्यांचं काम. उंच, हडकुळा माणूस. दाढीला मेंदी, शर्टाच्या खिशात पक्कड, आणि हात कायम वार्निशनं चिकट. घराणं मूळचं मुरूडकडचं. आजोबा खाडी सोडून इकडे आले आणि समुद्राचा वारा काही घरातून गेला नाही, असं भाभी म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात हा वारा म्हणजे नवऱ्याचा स्वभाव.

आमच्या कारखान्याच्या मोटारी मी त्यांच्याकडे द्यायला लागले, तिथून ओळख. बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ सांगतात. हनीफभाईंचं उलटं होतं. मोटार दिली की दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, झाली, कधी नेताय. मी शुक्रवार सांगितला तर संध्याकाळी परत फोन. झालेलं काम पुढ्यात पडून राहिलेलं त्यांना बघवत नसे. एकदा आम्हाला सुट्टी होती आणि ते टेंपोत मोटार घालून थेट कारखान्याच्या फाटकावर आले. वॉचमन आत घेईना. मोटार वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून ते निघून गेले. वॉचमन दिवसभर उभा.

थांबणं हा प्रकारच त्यांना जमत नव्हता. रेल्वेचं फाटक पडलेलं दिसलं की स्कूटर वळवून लांबच्या पुलावरून जायचे आणि आमच्या नंतर पोचायचे. पण ‘आपन थांबलो नाय’ हे समाधान. दवाखान्यात नंबर लागायच्या आत बरं वाटतं म्हणून परत यायचे. चहा कपात निवेपर्यंत दम नाही, म्हणून आयुष्यभर बशीत ओतून प्यायले. तेही फुंकर न मारता. भाभी म्हणायच्या, याची जीभ चामड्याची हाय, म्हणून तर माझ्या हातचं खातो आणि काय बोलत नाय.

असा माणूस गळ टाकून बसतो हे कोणाला खरं वाटत नसे. पण गळ एकदा पाण्यात पडला की हनीफभाई वेगळेच होत. मग सकाळची दुपार होऊ दे, मासा लागू दे की न लागू दे, ते दगडावर दगड होऊन बसत. मधमाशी कानाशी आली तरी हलत नसत. उतावीळपणा होता तो सगळा गळ पाण्यात पडायच्या आधीचा. आणि आमच्याकडे तो काळ मोठा. पावसाळ्यात नदी लाल होऊन धावते. त्या पाण्यात गळाला काही लागत नाही. श्रावण जातो, गणपती जातात, पाणी उतरतं, पण निवळत नाही. ते निवळेपर्यंतचे दिवस हनीफभाईंच्या घरच्यांनी आणि गिऱ्हाइकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत.

गणपती बसायच्या आधीच दुकानात मोटारींच्या मध्ये काठ्या उभ्या राहत. गळ घासून टोकदार केले जात. पुन्हा घासले जात. काही गळ तर मोसम सुरू व्हायच्या आत झिजून गेले, असं बाळाराम सांगतो. मग नुसत्या घासण्यानं भागेना की ते दुकानासमोरच्या गल्लीत सराव सुरू करत. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, शिशाचा तुकडा बांधून समोरच्या रिकाम्या पिंपावर नेम धरायचा. एकदा त्यांच्या घाईत शिशाबरोबर गळही राहिला. नेम चुकला आणि गळ जाऊन लागला चाललेल्या हातगाडीवरच्या कोथिंबिरीच्या गठ्ठ्याला. हनीफभाईंनी सवयीनं झटका देऊन रीळ गुंडाळलं. गठ्ठा गल्लीतून उडत दुकानात आला. भाजीवाल्यानं शांतपणे आत येऊन विचारलं, चाचा, मिरची पन हवी का? बाजारात पुढची कित्येक वर्षं लोक त्यांना ‘आज काय लागलं, मेथी का पालक’ असं विचारायचे.

आणखी एक गंमत. हनीफभाई नदीचा मासा खात नसत. समुद्राकडचं घराणं. घरी बांगडा, बोंबील, जमलं तर पापलेट. नदीच्या माशाला चिखलाची चव येते असं भाभींचं मत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात त्याला बंदी. धरलेला रोहू असो की मरळ, सगळं बाळारामच्या घरी नाहीतर माझ्याकडे. मग तुम्ही मासे धरता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

बाळाराम हा आमच्यातला तिसरा. कोंडाण्याकडच्या गावचा, घरची भातशेती, नोकरी शाळेत शिपायाची. नदी त्याच्या अंगणातली. कमी बोलतो, आणि हनीफभाईंच्या शेजारी बसायला तसाच माणूस लागायचा. मला गळाचा नाद वडिलांमुळे. बाई माणूस गळ टाकते याचं बाजारात कौतुक आणि कुजबुज दोन्ही झालं. हनीफभाईंनी एवढंच विचारलं होतं, ताई, सकाळी वेळेवर येनार ना?

आता बशीचं सांगते. आमची तिघांची मासेमारी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गौरी गेल्या त्या आठवड्यात हनीफभाईंना धीर निघेना. आम्ही नाही म्हणालो, तर ते एकटेच गेले. पाणी लाल होतं, वरवर संथ दिसत होतं. एका खडकावरून दुसऱ्या खडकावर ते गेले आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी मागून आलं. परतीचा खडक बुडाला. बाळारामच्या गावच्या लोकांनी बैलगाडीचा दोर टाकून त्यांना ओढून काढलं. काठी गेली, रीळ गेलं, एक चप्पल गेली. त्यांना घरी आणलं. भाभींनी आधी चहा केला, बशीत ओतला आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग ती रिकामी बशी धुतली, पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली. पांढरी चिनी मातीची, निळ्या काठाची. म्हणाल्या, ही घेऊन जायची. पाण्यात सोडायची, कोपरभर खोल. तुमच्या डोळ्यांना ही दिसली तर गळ टाका. नाय दिसली तर गप घरी या.

बाळाराम आणि मी दारात उभे होतो. हनीफभाई आता भांडणार अशी आमची खात्री होती. ते भांडले नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी बशीला सुतळीची जाळी विणली, वर दोरी बांधली, आणि कोपरभर अंतरावर दोरीला गाठ मारली. तिथपासून तो आमचा कायदा झाला.

दर वर्षी गणपतीनंतर प्रत्येक रविवारी आम्ही डोहावर जायचो. काठ्या घरी. बरोबर फक्त बशी, आणि माझ्याकडे पोहे. हनीफभाई खडकावर पालथे पडून दोरी सोडायचे. बशी पाण्याखाली जाता जाता तांबूस व्हायची, मग दिसेनाशी. ते गाठ पाण्याला टेकेपर्यंत सोडायचे, बघायचे, शिवी द्यायचे, परत वर घ्यायचे. पाच मिनिटांनी परत, जणू तेवढ्यात नदीनं विचार बदलला असेल. घरी जाताना हमखास म्हणायचे, पुढच्या रविवारी बगा. पळसदरीच्या धरणावर लोक भर पावसात गळ टाकून बसलेले दिसायचे. मी म्हटलं, आपणही तिथं जाऊ की. तर म्हणाले, ते हौदातलं पानी, तिथं वाट कसली बगायची?

आणि मग एक रविवार यायचा. नवरात्राच्या आसपास. दोरी सोडता सोडता हनीफभाई एकदम गप्प व्हायचे. गाठ पाण्याला टेकलेली असायची. खाली हिरवट पाण्यात बशी, काठासकट. ते हळूच म्हणायचे, “आली.” मग दोरी बाळारामच्या हातात, मग माझ्या. प्रत्येकानं बघायचं आणि ‘आली’ म्हणायचं. त्यानंतर ते उठून बसायचे आणि काही वेळ नुसते पाण्याकडे बघत राहायचे. त्या दिवशी काठ्या बरोबर नसल्यामुळे गळ पडायचा दुसऱ्या दिवशीच, रजा टाकून. त्याची त्यांना घाई नसे. गळ पाण्यात नसताना त्यांना घाई नसलेलं मी वर्षातल्या त्या एकाच दिवशी बघितलं आहे.

मग डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट पडायला लागले. जेसीबी आले, उतार कापले, लाल माती उघडी पडली. पावसाळ्यात ती सगळी नदीत. पाणी निवळायला उशीर व्हायला लागला. नवरात्राचा दसरा झाला, दसऱ्याची कोजागरी. हनीफभाईंचा जीव थाऱ्यावर नसे. एका वर्षी ते बशी घेऊन त्या साइटच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या पोरगेल्या इंजिनियरला बशीचा सगळा कायदा समजावून सांगितला. इंजिनियरनं त्यांना चहा दिला. कपात. ते तसेच परत आले. पाणी गढूळ, प्लॉटवाले हरामखोर, आणि मोसम दर वर्षी आखूड, हे त्यांचं त्या वर्षांतलं बोलणं. ते खरंही होतं. त्यामुळेच पुढचं आमच्या लक्षात यायला उशीर झाला.

गेल्या वर्षी ते प्लॉटचं काम कसल्याशा भांडणात बंद पडलं. जेसीबी गेले. उघड्या मातीवर गवत उगवलं. नवरात्राच्या आधीच्या रविवारी आम्ही डोहावर गेलो तेव्हा मी वाटेवरूनच बघितलं की तळाचे गोटे दिसताहेत. हनीफभाई पालथे पडले, दोरी सोडली. गाठ टेकली. ते बघत राहिले.

“नाय,” ते म्हणाले.

बाळाराम हसला. त्याला वाटलं चाचा थट्टा करतात. म्हणाला, दिसते की, ती काय. हनीफभाईंनी मान वर केली नाही. म्हणाले, कुठं दिसते रं, च्यासारखं पानी हाय. मी वाकून बघितलं. बशी दिसत होती आणि बशीवरून एक बोटभर मासा इकडून तिकडे गेला. मी तसं सांगितलं. ते उठून बसले, दोरी गुंडाळली आणि आम्हालाच बोलले. तुम्हाला दम नाही, कायदा मोडायची घाई झालीय, आठवडाभर कळ काढा. आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच कोणाला ऐकवलं असेल.

परतीच्या वाटेवर ते दोनदा अडखळले. चपलेला शिव्या दिल्या. मी मनात एकेक गोष्ट जोडत गेले. स्कूटर त्यांनी उन्हाळ्यापासून बंद केली होती, पेट्रोल परवडत नाही म्हणून. गळाची गाठ ते आता बाळारामला मारायला सांगायचे, बोटं जाड झाली म्हणून. दुकानात उजेडाचा बल्ब त्यांनी अगदी नाकासमोर आणून टांगला होता. मोटारी मात्र चांगल्या भरून येत होत्या. तार भरायचं काम इतक्या वर्षांत डोळ्यांकडून बोटांकडे गेलं होतं.

पुढच्या रविवारी बाळारामनं बशीच्या जाळीला लाल फडकं बांधलं. तरी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पाणी इतकं नितळ होतं की बशी कोपरभरच काय, कंबरभर खोल दिसली असती. हनीफभाई म्हणाले, जेसीबी परत आलेत वाटतं. बाळारामनं तोंड फिरवलं. मी तिथून थेट भाभींकडे गेले.

भाभींनी ऐकून घेतलं. मग त्या दुकानात गेल्या आणि गल्ल्याखालचा खण ओढून काढला. आत डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटल्या होत्या. बऱ्याचशा सील न तोडलेल्या. काही वर्षांपूर्वी पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. थेंब रोज घालायचे, जन्मभर, चुकवायचे नाहीत. बरं होणार नाही, आहे ते टिकेल. हनीफभाईंनी थोडे दिवस घातले. थेंब घातले तरी तेवढंच दिसतं, नाही घातले तरी तेवढंच, मग काय उपयोग, असं त्यांचं गणित. भाभींना सांगायचे, दुकानात घालतो. भाभी दर महिन्याला नवी बाटली आणून त्यांच्या डब्याबरोबर द्यायच्या.

भाभींनी खण लावला. म्हणाल्या, येत्या रविवारी मी येते नदीवर.

मी विचारलं, आधी डॉक्टरकडे जाऊया का? त्या म्हणाल्या, डॉक्टरचं हा ऐकनार नाय. नदीचं ऐकंल.

तर तो रविवार. भाभींनी साडीवर ओढणी घट्ट घेतली होती आणि खडकावरून चालताना बाळारामचा खांदा धरला होता. हनीफभाई खुशीत होते. बायको इतक्या वर्षांनी डोह बघायला आली म्हणून एकेक गोष्ट दाखवत होते, हा माझा दगड, हा ताईंचा, इथं मरळ लागली होती. बोट दाखवत होते ते थोडं चुकीच्या जागी. मग त्यांनी बशी सोडली, बघितलं आणि म्हणाले, “बग, अजून नाय. या लोकांनी नदीची वाट लावली.”

भाभी त्यांच्याशेजारी बसल्या. दोरी त्यांच्या हातातून घेतली. गाठ पाण्याला टेकली आहे याची खात्री केली.

“दिसते,” त्या म्हणाल्या. “निळा काठ पन दिसतो.”

“खोटं नको बोलू.”

“नदीवर येऊन खोटं बोलायला मला काय मासा पायजे?”

हनीफभाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बाळाराम, तुला रं?”

“दिसते चाचा.”

“कवापासून?”

बाळारामनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो म्हणाला, “नवरात्राच्या आदीपासनं.”

हनीफभाईंनी दोरी परत घेतली आणि बशी हळूहळू वर ओढली. जाळीतून काढली, शर्टाला पुसली, आणि डोळ्याजवळ नेली, आधी एका, मग दुसऱ्या. वाऱ्यानं भाभींची ओढणी उडाली ती त्यांनी सावरली नाही.

“म्हंजे पानी बरं हाय,” हनीफभाई म्हणाले. “मला वाटलं, पानी गेलं.”

त्यानंतर त्यांनी आम्हाला काठ्या काढायला लावल्या. बाळारामच्या घरी होत्या, तो जाऊन घेऊन आला. मोसम सुरू झालाय, तुम्ही टाका, मी बसतो, असं ते म्हणाले आणि आपल्या दगडावर जाऊन बसले. त्यांना गळ पाण्यात पडल्याचा आवाज ऐकू जाणार होता, म्हणून आम्ही टाकले. बाळारामनं गळाला आमिष लावलं नाही हे मी बघितलं. मीही लावलं नाही. कणकेचा गोळा डब्यात तसाच राहिला. आम्ही चौघं दुपारपर्यंत बसलो आणि निघालो.

त्याच आठवड्यात भाभी त्यांना पनवेलला घेऊन गेल्या. डॉक्टरनं सांगितलं ते थोडक्यात असं, की डोळ्याची नस सुकली आहे, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थोडं आहे ते थेंबांनी जेवढं टिकेल तेवढं. हनीफभाईंनी सगळं ऐकलं आणि नंबर येईपर्यंत बाकावर शांत बसून राहिले होते, हे भाभींनी मला दोनदा सांगितलं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या. दुकानाच्या पायरीला पिवळा पट्टा मारून घेतला. काठीच्या टोकाला बांधायला छोटी घुंगरं आणली. मासा लागला की घुंगरू वाजतं, डोळ्यांचं काम नाही, कितीतरी लोक अंधारात असंच मासे धरतात. मी हे सगळं त्यांना मुद्देसूद समजावून सांगितलं. त्यांनी घुंगरू कानाजवळ नेऊन वाजवलं, छान आहे म्हणाले.

“ताई, मासा कळंल मला. बोटांना कळंल. मोसम कदी आला ते कसं कळनार?”

मी म्हटलं, आम्ही सांगू. भाभी सांगतील.

“तिनं काय सांगितलं होतं? तुमच्या डोळ्यांना दिसली तर,” ते म्हणाले, आणि घुंगरू माझ्या हातात परत दिलं.

भाभींनीही सांगून बघितलं. कायदा माझा, मी मोडते, जा. त्यांनी ऐकलं नाही. हट्ट म्हणावा तर तसा आवाज नव्हता. पूर्वी बशी नाही दिसली की ते शिव्या द्यायचे, पुढच्या रविवारी बगा म्हणायचे. आता पुढचा रविवार नव्हता. त्यांना आयुष्यभर ज्याची घाई होती, ती गोष्टच पुढून उचलून नेल्यासारखी झाली होती.

थंडीत दुकान बंद झालं. मुलगा अंबरनाथला नोकरीला, त्यानं शेलूला नवीन इमारतीत घर घेतलं होतं. तो आईवडिलांना तिथं घेऊन गेला. बाळाराम आणि मी त्या मोसमात डोहावर परत गेलो नाही. ठरवून नाही. एकानं म्हणायचं पुढच्या आठवड्यात, दुसऱ्यानं हो म्हणायचं.

या वर्षी गणपतीनंतर मी शेलूला गेले. चौथा मजला. बाल्कनीत हनीफभाई खुर्चीवर बसले होते. मेंदी लावणं सोडलेलं, दाढी पांढरी. मांडीवर तंगुसाचा हा एवढा गुंता, पक्ष्याच्या घरट्यासारखा, आणि बोटं भराभर चाललेली. मला आवाजावरून ओळखलं. बसा, म्हणाले, जरा थांबा, हे एवढं टोक निघतंय. मग माझ्याशी बोलता बोलता गाठीला शिव्या. इकडून ओढ, तिकडून सोड. एक फास सुटला तर मांडीवर थाप मारली. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं धुसफुसताना बघत होते. म्हणाले, जवळजवळ आलंच आहे, उद्या सुटेल. सुटला की बाळारामला फोन करायचा.

मी विचारलं, रोज हेच काम का?

“काय सांगू ताई, तंगूस आता पयल्यासारखा येत नाय,” ते म्हणाले. “संध्याकाळी सुटत येतो, सकाळी उठून बगावं तर परत गुंतलेला.”

स्वयंपाकघरातून भाभींचा आवाज आला. “शेलूची हवा दमट हाय.”

“तेच म्हनतो मी,” हनीफभाई म्हणाले, आणि पुढचं टोक शोधायला लागले.

निघताना भाभी मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेतलं. उन्हाळ्यात सामानातून हा गुंता निघाला, त्यांनी सांगितलं, आणि हनीफभाई तो सोडवत बसले. जेवायची आठवण नाही, थेंब वेळेवर, चिडचिड पहिल्यासारखी. घर भरल्यासारखं झालं. मग एके दिवशी सगळा सुटला. त्यांनी तो नीट रिळावर गुंडाळला, रीळ खिडकीत ठेवलं, आणि हात मांडीवर ठेवून बसले. बोलेनात, खाईनात. मुलगा घाबरला. शेवटी भाभींनी ते रीळ घेतलं, उलगडलं, आणि परातीत घालून कणीक मळतात तसं मळलं. सकाळी त्यांच्या मांडीवर दिलं. म्हणाल्या, हे बगा, परत गुंतलं.

“त्यांना ठाऊक असेल का?” मी विचारलं.

भाभी म्हणाल्या, “मी विचारत नाय, तो सांगत नाय.”

लिफ्ट आली आणि गेली. त्या म्हणाल्या, ताई, एक काम होतं तुमच्याकडे. हा तंगूस आता झिजलाय, रोज ओढून ओढून तुटतो, तुकडे लहान होत चाललेत. नवा आणून द्याल का? जरा जाड, लांबीला चांगला. मी पिशवीतून वही काढली. भाभींनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, “पन रीळ नका आनू. माझे सांधे आता धरतात, नवा तंगूस आवळत नाय माझ्याच्यानं. तुमीच घरून गुंतवून आना. चांगला गुंतवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरंल असा.”

तंगूस मी दुसऱ्याच दिवशी कर्जतहून आणला. जाड, हिरवट, मोठं रीळ. आता दसरा होऊन गेला. बाळाराम परवा फोनवर म्हणाला, नदी नितळ झालीय ताई, तळ दिसतो. चाचांना कदी जायचं बगायला? मी म्हटलं, माझं एक काम राहिलंय, ते झालं की जाऊ.

रीळ जेवायच्या टेबलावर आहे. दोनदा टोक सोडवून घेतलं, हातभर उलगडलं, आणि माझ्या बोटांनी ते आपोआप परत नीट गुंडाळून ठेवलं. रोज रात्री यादीतलं बाकीचं सगळं खोडलं जातं. हे उद्यावर जातं.